रीथसाठी मंडळाचं टेबल: कोणी लावलंय का?

कोथिंबीरवडी · २२ सप्टेंबर २०२४

गणपती गेले, मखर अजून आमच्याच गराजमध्ये आहे, आणि तेवढ्यात नवीन उद्योग गळ्यात पडलाय. म्हणून हा धागा.

आमचं न्यू जर्सीतलं मंडळ मध्यम आकाराचं. त्यात हायस्कूलच्या मुलांचा एक गट आहे. गेल्या डिसेंबरात त्यातली एक मुलगी शाळेच्या बँडबरोबर जवळच्या माजी सैनिकांच्या दफनभूमीत गेली होती. तिथे डिसेंबरातल्या एका शनिवारी थडग्यांपाशी फरच्या पानांचं, लाल फीत बांधलेलं चक्र, म्हणजे रीथ, ठेवतात. 'रीथ्स अक्रॉस अमेरिका' ही संस्था हे देशभर करते. एका रीथला सतरा डॉलर, आणि ते लोकांनीच द्यायचे. त्या दिवशी रीथ मध्येच संपले. मागच्या ओळी तशाच राहिल्या. मुलगी परवा मीटिंगमध्ये म्हणाली, "आंटी, वी जस्ट रॅन आउट. मग आम्ही बसमध्ये जाऊन बसलो."

पोरांनी ठरवलंय की यंदा पैसे जमवायला टेबल लावायचं. कमिटीने मान्यता दिली, पण एका अटीवर: मंडळाच्या खात्यातून एक डॉलरही जाणार नाही. टेबल कुठे लावावं, परवानगी कोणाची लागते, रोख पैशांचं काय करावं, आणि मुख्य म्हणजे अनोळखी माणसाला थांबवून बोलायचं काय? मी आजवर फक्त वडापावचा स्टॉल चालवलाय. तिथे काही बोलावं लागत नाही, वास पुरतो.

अवांतर: याला मराठीत काय म्हणायचं? पुष्पचक्र म्हणावं तर फूल एकही नाही.

---

गोगलगाय · २२ सप्टेंबर

'पर्णचक्र' म्हण. किंवा सरळ रीथ. आपण 'मखर' कुठे इंग्रजीत सांगतो?

---

सांडगीमिरची · २२ सप्टेंबर

वाईट वाटून घेऊ नका, पण मंडळाने हे का करावं हे मला समजलेलं नाही. व्हिएतनाम, इराक ही युद्धं आपल्यापैकी किती जणांना पटली होती? एरवी इथल्या सैन्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही. मग टेबलावर झेंडा लावून उभं राहायचं ते मुलांच्या कॉलेजच्या अर्जावर समाजसेवेचे चार तास दिसावेत म्हणूनच ना? असेल तर तसं सांगा, माझं काही म्हणणं नाही.

---

कोथिंबीरवडी · २३ सप्टेंबर

चार तास दिसावेत हेही आहेच. खोटं कशाला सांगू. पण त्या मुलीचं वाक्य कॉलेजच्या अर्जासाठी नव्हतं.

---

माळावरचा_वारा · २३ सप्टेंबर

मी व्हर्जिनियात. मुलाच्या स्काउट ट्रूपबरोबर चार वर्षं हे टेबल लावलंय, त्यामुळे लांबलचक लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी थोडं मागचं. मेन राज्यात मॉरिल वुस्टर नावाचे रीथ बनवणारे गृहस्थ. लहानपणी पेपर टाकायचे, तेव्हा बक्षीस म्हणून वॉशिंग्टनची सहल मिळाली आणि तिथली आर्लिंग्टनची सैनिकी दफनभूमी पाहिली. पुढे धंदा वाढला. १९९२ साली सीझनच्या शेवटी पाच हजार रीथ उरले. फेकण्यापेक्षा आर्लिंग्टनला नेले, आणि तेही जिथे फारसं कोणी फिरकत नव्हतं अशा जुन्या भागात. मग दर वर्षी गुपचूप तेच. २००५ साली बर्फातल्या थडग्यांचा आणि हिरव्या रीथांचा एक फोटो इंटरनेटभर फिरला, देशभरातून विचारणा सुरू झाली, आणि २००७ मध्ये संस्था झाली. आता चार हजारांहून जास्त ठिकाणी हे होतं. मेनहून ट्रक निघतात ते बहुतेक वाहतूक कंपन्या फुकट चालवतात.

आता तुमच्या कामाचं.

संस्थेकडे गट म्हणून नोंदणी करा. गटाचा एक क्रमांक मिळतो, आणि तुमच्या दफनभूमीचा स्वतंत्र क्रमांक असतो. फॉर्मवर हे दोन्ही छापलेले असतात. हे क्रमांक तीन वेळा तपासा. का ते विचारू नका.

सुपरमार्केटच्या दारात उभं राहायचं तर मॅनेजरची लेखी परवानगी घ्या, निदान महिनाभर आधी. 'हो हो, या' असं तोंडी सांगणारा मॅनेजर नेमका त्या शनिवारी सुट्टीवर असतो. गावाच्या जत्रेत लावणार असाल तर टाउनशिपचा अर्ज असतो, कधी कधी विम्याचं प्रमाणपत्रही मागतात. स्काउटची मुलं गणवेशात येणार असतील तर स्काउट कौन्सिलची परवानगी वेगळी.

एक खरा रीथ टेबलावर पाहिजेच. ऑक्टोबरात ताजा मिळाला नाही तर गेल्या वर्षीचा फोटो मोठा करून लावा. प्लास्टिकचा लावू नका, लोकांना लांबूनच कळतं.

टेबलामागे खुर्च्या मांडू नका. बसलेल्या माणसाला कोणी पैसे देत नाही, त्यातून तो फोनमध्ये असेल तर संपलंच.

आणि ११ नोव्हेंबर म्हणजे व्हेटरन्स डे, मेमोरियल डे नव्हे. पहिला सैन्यात नोकरी केलेल्या सगळ्यांचा, दुसरा (मे महिन्यातला शेवटचा सोमवार) गेलेल्यांचा. आमच्या एका पोराने चालत्या-बोलत्या आजोबांना "वी विल नेव्हर फरगेट यू" म्हटलं होतं. आजोबा म्हणाले, "बाळा, मी अजून इथेच आहे."

---

गोगलगाय · २३ सप्टेंबर

शेवटचा किस्सा वाचून चहा नाकात गेला.

---

हिशेबनीस · २४ सप्टेंबर

पैशांबद्दल मी बोलतो, पेशाच तो.

१) चेक मंडळाच्या नावाने घेऊ नका, थेट संस्थेच्या नावाने घ्या. संस्था करमुक्त देणगीसाठी नोंदलेली आहे, पावती त्यांची जाते. मधे मंडळाचं खातं आलं की पावती कोणाची, वजावट कोणाची, यावर एप्रिलमध्ये, टॅक्स भरायच्या वेळी, तुम्हाला फोन येतील.

२) क्यूआर कोड लावा, तो थेट तुमच्या गटाच्या पानावर जातो. निम्मे लोक तिथेच भरतील.

३) रोख रक्कम त्याच दिवशी, दोघांनी मिळून, टेबलावरच मोजा आणि दोघांनी सही करा. त्यातला एक जण पोरांपैकी असू दे. शिकतील.

४) सतरापैकी पाच डॉलर तुमच्या गटाला परत मिळतात. कमिटीला हे आत्ताच सांगा आणि त्या पैशांचं काय करायचं ते आत्ताच ठरवा. जानेवारीत ठरवायला बसलात तर भांडणं होतील. मंडळं मी पाहिली आहेत.

५) कोणीतरी टेबलावर येऊन विचारेलच, म्हणून सांगून ठेवतो. संस्था रीथ घेते ते मुख्यतः वुस्टर कुटुंबाच्याच कंपनीकडून. हे लपवलेलं नाही, संस्थेच्या वार्षिक कागदपत्रांत असतं आणि वर्तमानपत्रांतही यावर लिहून आलंय. मला स्वतःला ते फारसं रुचत नाही. तरी मी दर वर्षी दोन रीथ देतो. पोरांना मात्र हे माहीत असू द्या. विचारणाऱ्याला "मला माहीत नाही" म्हणण्यापेक्षा "हो, तसं आहे" म्हणणं बरं.

६) एच-१बी वाल्यांनो, विनामोबदला धर्मादाय कामाला हरकत नसते. दर वर्षी कोणीतरी घाबरतं.

---

सांडगीमिरची · २४ सप्टेंबर

पाचवा मुद्दा उघड लिहिल्याबद्दल आभार. माझ्या शंकेचं उत्तर नाही हे, पण निदान हिशेब उघड्यावर आला.

---

खडकीकर · २५ सप्टेंबर

शाळेतला ध्वजदिन आठवला. ७ डिसेंबर. १९४९ पासून आपल्याकडे पाळतात. लाल, गडद निळ्या आणि आकाशी पट्ट्यांचा कागदी झेंडा, भूदल, नौदल, हवाईदल. बाई वर्गात टाचण्यांची डबी घेऊन यायच्या आणि ज्याने पैसे आणले नाहीत त्याच्याकडे नुसतं बघायच्या. सरकारी कचेऱ्यांना तर निधीचं उद्दिष्टच ठरवून दिलेलं असतं. वडील जिल्हा परिषदेत होते, पाकिटात टाचणीसकट तीन-तीन झेंडे घेऊन घरी यायचे.

सांगायचं म्हणजे, पैसे जमायचे पण झेंडा कोणासाठी हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. तुम्ही निदान ते सांगा.

पुण्यातच दुसरं उदाहरणही आहे. दक्षिण मुख्यालयाचं युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं, १९९८ मध्ये खुलं झालं. आवारात मिग विमान ठेवलंय. पोरं त्याच्याखाली फोटो काढतात आणि मागच्या नावांकडे पाठ असते. मी पण काढलेत, उगाच शहाणपणा नको. आणि खडकीची राष्ट्रकुल युद्धदफनभूमी आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. दुसऱ्या महायुद्धातली सोळाशेच्या वर थडगी. गवत इतकं नेटकं कापलेलं असतं की लहानपणी आम्हाला ती बाग वाटायची. आत क्रिकेट खेळायला गेलो होतो. माळ्याने हाकललं आणि जाता जाता एक दगड वाचायला लावला. वीस वर्षांचा पोरगा होता. आम्ही बारा-तेराचे.

---

माणगावकर · २५ सप्टेंबर

@सांडगीमिरची, तुमचा प्रश्न मला पटतो, पण माझ्या घरात त्याचं उत्तर थोडं वेगळं निघतं.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, पहिल्या बटालियनमध्ये, इटलीत. त्यांची आठवी भारतीय डिव्हिजन. डिसेंबर १९४४ मध्ये सेर्किओ नदीच्या खोऱ्यात अमेरिकेच्या ९२ व्या डिव्हिजनच्या मागे आधार म्हणून तिच्या तुकड्या आणून उभ्या केल्या होत्या. ९२ वी म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांची डिव्हिजन. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी जर्मनांनी हल्ला केला, अमेरिकन फळी मागे सरली आणि आपल्या लोकांनी खोरं धरून ठेवलं. आजोबांना यातलं डिव्हिजन-बिव्हिजन काही सांगता यायचं नाही. ते एवढंच म्हणायचे, "काळे सोल्जर होते, आम्हाला सिगारेटी द्यायचे, आम्ही त्यांना चपाती." घरी आणलेला ॲल्युमिनियमचा मग आई अजून तांदूळ मोजायला वापरते.

आमच्याच तालुक्यातले नायक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ ला इटलीतच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात पुतळा आहे. त्यांना थडगं नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर कोरलंय. आजीची एक मैत्रीण म्हणायची, 'दिवा कुठे लावायचा तेच कळत नाही.'

रीथच्या फॉर्मवर 'कोणाच्या स्मरणार्थ' असा रकाना असतो. मी आजोबांचं नाव लिहून एक देणार. ठेवला जाईल तो कोणा अमेरिकनाच्या थडग्यावर. चपातीची सिगारेट झाली असं समजेन.

---

सांडगीमिरची · २६ सप्टेंबर

माणगावकर, यावर मी वाद घालणार नाही. मगचा फोटो टाकता का?

---

कोथिंबीरवडी · २० ऑक्टोबर

पहिलं टेबल काल झालं, गावाच्या फॉल फेस्टिवलमध्ये. चार तासांत अकरा रीथ. त्यातले तीन आमच्याच आईबापांनी घेतले.

सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलं. खुर्च्या नाहीत, मोठा फोटो, क्यूआर कोड, हिरवं टेबलक्लॉथ. हवाही छान. महिनाभर पावसाचा थेंब नाही इथे, आकाश निळंशार. एका बाजूला भोपळे रंगवायचं टेबल, दुसऱ्या बाजूला केटल कॉर्न. आमच्याकडे लोक बघायचे, हसायचे, आणि पावलं जरा भरभर टाकायचे. पोरं आपली "वुड यू लाइक टू स्पॉन्सर अ रीथ फॉर अ व्हेटरन?" एकसुरात, वर्गात हजेरी द्यावी तशी. दुपारी दोनला वाऱ्याने सगळे फॉर्म उडाले. ते गोळा करायला जितके लोक धावले तितके एरवी थांबले नव्हते.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. काय चुकलं?

---

माळावरचा_वारा · २० ऑक्टोबर

फॉर्म उडण्याबद्दल: गोटे आणा. नदीतले गुळगुळीत.

बाकीचं: तुम्ही पैसे मागताय. प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर 'नको' हेच सोपं. आम्हीही पहिली दोन वर्षं तेच केलं. मग ट्रूपमधल्या एका आजींनी पोरांच्या हातात एक साधी वही दिली आणि म्हणाल्या, काही मागू नका, फक्त विचारा: तुमच्या घरात कोणी सैन्यात होतं का? नाव काय त्यांचं? आणि नाव सांगितलं की वहीत लिहा, स्पेलिंग विचारून. बस. रीथ घेतला नाही तरी लिहा.

इथे जवळपास प्रत्येकाच्या घरात कोणीतरी असतंच. आणि त्या माणसाचं नाव त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारलेलं नसतं. पोरांना सांगा, ऐकताना फोन खिशात. आणि घाई नको, मागे रांग लागली तरी.

---

हिशेबनीस · २० ऑक्टोबर

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या काउंटरशेजारी टेबल लावा. आपले लोक चकलीच्या रांगेत वीस मिनिटं उभे असतात. पळून जाणार कुठे?

---

कोथिंबीरवडी · ३ नोव्हेंबर

काल दिवाळीत अडतीस! माणगावकर, तुमची गोष्ट (नावगाव न सांगता) पोरांनी कागदावर लिहून चिकटवली होती. लोकांनी सासरे, मामा, बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरला भरती झालेले चुलत आजोबा, अशी नावं लिहून दिली. एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे कोणी मिलिटरीत नाही, पण एक द्या, समोरच्या घरातले म्हातारे गेले ना मार्चमध्ये, ते नेव्हीत होते." त्यांचं आडनाव काकूंना माहीत नव्हतं. पंधरा वर्षं शेजारी. त्या तिथेच जरा गप्प झाल्या, मग नवऱ्याला फोन करून मेलबॉक्सवरचं आडनाव बघायला लावलं.

---

कोथिंबीरवडी · १० नोव्हेंबर

काल सुपरमार्केट. सविस्तर लिहिते कारण झोप येत नाहीये, आणि एक घोळही झालाय.

सकाळी शिफ्टच्या बाईंनी हलवलं आम्हाला. परवानगीचा कागद दाखवला तरी म्हणाल्या, दारापासून लांब, ट्रॉल्यांच्या पलीकडे. गेलो. हवेत धुराचा वास होता, उत्तरेकडे जंगलं पेटलीत ना. नमुन्याचा रीथ मात्र या वेळी खरा मिळाला होता, आणि त्या धुरातही बाल्समचा, म्हणजे त्या फरचा, वास दोन हातांवरून येत होता.

साडेअकराला एक गृहस्थ आले. व्हिएतनाम लिहिलेली टोपी, हातात फक्त दूध आणि ब्रेड. रीथकडे बघत उभे राहिले. आमचा सर्वात लाजाळू मुलगा (एरवी मंडळाच्या नाटकात झाडाचं काम करतो) पुढे झाला आणि वही उघडून म्हणाला, "तुम्हाला कोणाची आठवण लिहायची आहे का? नाव काय त्यांचं?"

त्यांनी एक नाव सांगितलं. मुलाने स्पेलिंग विचारलं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. मुलाने लिहून वही फिरवून त्यांना दाखवली, बरोबर आहे का म्हणून. त्यांनी चष्मा काढून, अगदी जवळ नेऊन वाचलं. "हो, दोन टी." सतरा डॉलर दिले, सुटे, मोजून, आणि गेले.

दहा मिनिटांनी तेच परत. दूध-ब्रेड गाडीत ठेवून आले होते. हातात दुकानाची पावती, तिच्या मागे बॉलपेनने चार नावं. म्हणाले, गाडीत बसलो तेव्हा बाकीचे आठवले. पैसे एकाचेच होते, ते मघाशी दिले, पण नावं लिहाल का?

लिहिली. पोरांनी नंतर आपापसांत पैसे काढून ते चार भरले. मला विचारलं नाही, हिशेबाच्या कागदावर दिसलं तेव्हा कळलं.

एकूण सत्तावीस.

आता घोळ. कागदी फॉर्म संपत आले म्हणून मी शुक्रवारी रात्री आणखी छापले. माझ्या ईमेलमध्ये दोन फाइली होत्या, एक आमची, एक दुसऱ्या गटाने नमुना म्हणून पाठवलेली. छापली ती दुसरी. गटाचा क्रमांक मी बदलला, दफनभूमीचा तसाच राहिला. म्हणजे हे रीथ आमच्याकडे येणारच नाहीत, दोन काउंटी पलीकडे जातील. रात्री नऊला लक्षात आलं. टेबलावर भरलेले फॉर्म माझ्याकडेच होते, ते हाताने दुरुस्त केले. पण सहा जण कोरे फॉर्म घरी घेऊन गेलेत, चेकबुक घरी आहे म्हणून.

त्यातल्या एक बाई. त्यांचे यजमान आमच्याच दफनभूमीत आहेत. विभाग, ओळ, क्रमांक, सगळं तोंडपाठ. फोन नंबर मी घेतला नाही.

माळावरचा_वारा, तीन वेळा तपासा म्हणाला होतात. मी एकदा तपासलं.

---

माळावरचा_वारा · १० नोव्हेंबर

आमच्याकडे असे चुकलेले चाळीस फॉर्म होते. म्हणून लिहिलं होतं.

दफनभूमीच्या स्थानिक समन्वयकांना आजच फोन करा. ते संस्थेला कळवतील, नाही जमलं तरी त्यांना माहीत असेल. आणि लक्षात घ्या, दिलेला रीथ ठराविक थडग्यावरच जाईल असं बहुधा नसतंच, तशी वेगळी नोंद करावी लागते. हे टेबलावर सांगायला हवं, लोकांचा हमखास गैरसमज होतो. पण त्या बाईंच्या यजमानांचं नाव वहीत आहे ना?

---

कोथिंबीरवडी · १० नोव्हेंबर

आहे. ओळीसकट.

---

सांडगीमिरची · ११ नोव्हेंबर

मग झालं की. तुम्ही स्वतः ठेवा.

---

कोथिंबीरवडी · १५ डिसेंबर

काल, १४ डिसेंबर. प्रचंड थंडी. बाराला कार्यक्रम, पण पार्किंगसाठी साडेनऊलाच पोचावं लागलं.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी: हातमोजे दोन जोड न्या. फरचा चीक लागतो, तो साबणाने जात नाही, खोबरेल तेलाने जातो (हे अमेरिकन समन्वयकांना मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं). रीथ दगडाला टेकवून ठेवायचा, फीत वरच्या बाजूला. मग नाव मोठ्याने म्हणायचं, मनात नाही. ज्यू लोकांच्या, म्हणजे सहा कोनांची चांदणी असलेल्या दगडांपाशी कुटुंबाने सांगितल्याशिवाय ठेवू नका, असं आम्हाला बजावलं होतं. दगडावर धर्माचं चिन्ह कोरता येतं, आणि सरकारी यादीत ॐ सुद्धा आहे. पोरांनी दोन ओळी शोधला, सापडला नाही.

काही दगडांवर नाणी ठेवलेली असतात. आमच्यातल्या सर्वात छोट्याने ती "कोणाची पडली" म्हणून गोळा केली. देवा! मागच्या गृहस्थांनी शांतपणे त्याच्या हातातून घेतली आणि समजावून सांगितलं. पेनी म्हणजे कोणीतरी भेटून गेलं. निकल म्हणजे प्रशिक्षणात बरोबर होतो. डाइम म्हणजे एकत्र नोकरी केली. क्वार्टर म्हणजे तो गेला तेव्हा मी तिथे होतो. मग विचारलं, कुठलं नाणं कुठल्या दगडावरचं? पोराला आठवत होतं, सगळं. आपल्याकडची पोरं पैशांच्या बाबतीत पक्की.

आता ते एक. सकाळीच वहीतलं पान बघून आम्ही तिघं त्या ओळीत गेलो. झाडाचं काम करणारा मुलगा, ती बँडवाली मुलगी आणि मी. दगड सापडला. नाव इथे लिहीत नाही. मुलाने रीथ टेकवला, फीत सरळ केली, नाव म्हटलं. पुरेसं मोठ्याने झालं नाही असं त्यालाच वाटलं, म्हणून परत म्हटलं.

मागून आवाज आला, "कोण तुम्ही?"

त्याच बाई. हातात स्वतःचा रीथ, दुकानातून आणलेला, कारण संस्थेच्या पावतीवर दुसऱ्याच गावाचं नाव बघून त्यांनी ओळखलं होतं की काहीतरी चुकलंय. मी माफी मागायला सुरुवात केली, भलतीच लांब. त्यांनी मधेच थांबवलं आणि मुलाला विचारलं, "तू नाव बरोबर म्हणालास. आमच्या आडनावाचा उच्चार कोणालाच येत नाही. तुला कसा आला?"

तो म्हणाला, "तुम्हीच सांगितला होतात. मी वहीत मराठीत लिहून ठेवला." आणि पान दाखवलं. इंग्रजी स्पेलिंगखाली देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घासकट.

मी या मुलाला दर रविवारी मराठी शाळेत शुद्धलेखनावरून बोलत असते.

---

गोगलगाय · १५ डिसेंबर

...

---

माणगावकर · १५ डिसेंबर

मगचा फोटो टाकायचा राहिला होता, आईला सांगतो आज. कोथिंबीरवडी, त्या पानाचा फोटो मात्र इथे टाकू नका, त्यांचं नाव आहे त्यावर. नुसतं सांगितलंत तेच छान.

---

सांडगीमिरची · १६ डिसेंबर

एक रुक्ष प्रश्न. या हजारो रीथांचं पुढे होतं काय? तार, फीत, पानं, सगळं कचऱ्यात?

---

कोथिंबीरवडी · १९ जानेवारी २०२५

@सांडगीमिरची, काल बघून आले, म्हणून उशिरा उत्तर. जानेवारीत उचलायचाही एक दिवस असतो. ठेवायला शेकडो माणसं, उचलायला मोजून चाळीस. रीथ जमिनीला गोठून चिकटलेले, पायाने हलकेच सैल करावे लागतात, दगडाला धक्का न लावता. पानं तपकिरी झालेली, पण दुमडली की वास अजून येतो. आमच्याकडे सगळं मोठ्या कंटेनरमध्ये गेलं. तारेच्या कड्या वेगळ्या काढता येतील का, असं तुमचा प्रश्न म्हणून मीच विचारलं. समन्वयक म्हणाले, माणसं द्या, काढू. तर पुढच्या जानेवारीला पक्कड घेऊन कोण येतंय?

हिशेब, कमिटीला दिला तोच: ११ + ३८ + २७ = ७६ रीथ आमच्या टेबलावरचे. पोरांनी भरलेले चार त्या सत्तावीसमध्ये धरलेत, घरी नेलेले सहा फॉर्म धरलेले नाहीत. १,२९२ डॉलर. गटाला परत येणारे पाच-पाच म्हणजे ३८०, त्याचे पुढच्या वर्षी रीथच घ्यायचे असं सप्टेंबरातच लिहून घेतलं होतं, त्यामुळे हिशेबनीस म्हणाले तशी भांडणं झाली नाहीत. भांडण झालं ते संक्रांतीच्या तिळगुळाच्या ऑर्डरवरून.

फॉर्म यंदा झाडवाला मुलगा छापणार आहे. मला हात लावू देणार नाही म्हणाला.

आणि मंडळातलं कोणी हा धागा वाचत असेल तर: हिरवं टेबलक्लॉथ आणि नदीतले चार गोटे कोणाकडे राहिलेत? माझ्या गराजमध्ये नाहीत. मखर आहे.